झेनॉनच्या एएएसवर बारीक सिग्नल कसा पकडायचा

झेनॉन दिव्याचं एएएस, म्हणजे अणूंनी उजेड किती खाल्ला यावरून धातू मोजणारं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनचं मशीन, आलं की सेन्सिटिव्हिटी आपोआप वाढली, असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातले फाउंड्रीवाले विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढं महागाचं मशीन हाय, शिसं किती ते पटकन सांगा की." मशीन महागाचं आहे, यात वाद नाही. पण दिवा प्रखर झाला म्हणून शोषण वाढत नाही. शोषण निघतं ते ज्वालेवर पडलेला उजेड आणि पलीकडे पोचलेला उजेड यांच्या गुणोत्तरावरून. दोन्ही दहापट केले तरी गुणोत्तर जागचं हलत नाही. प्रखर दिव्याने कमी होतो तो नॉईज. स्लोप, म्हणजे संहती वाढली की शोषण किती वाढतं ते, वाढवायचा असेल तर तो ज्वालेत किंवा ग्रॅफाइट ट्यूबमध्येच वाढवावा लागतो, आणि ते काम दिवा करून देत नाही.

हे लिहिते आहे ते बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या लॅबमध्ये नव्याने लागलेल्या मुलामुलींसाठी. तुम्ही कॉलेजात एचसीएलवालं, म्हणजे दर धातूला वेगळा दिवा लागणारं एएएस शिकून आला असाल. मीही कित्येक वर्षं त्याच्यावरच काम केलं. त्या सवयी चांगल्या आहेत, पण दोन-तीन जागी त्या आडव्या येतात.

थोडं मागचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. १९५५ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी पोकळ कॅथोडचा दिवा, म्हणजेच एचसीएल, घ्या म्हणून सांगितलं, ते अडचणीपोटी. अणूची शोषणरेषा जेमतेम दोन ते पाच पिकोमीटर रुंद असते. त्या काळच्या मोनोक्रोमेटरची, म्हणजे उजेडातून हवी ती तरंगलांबी वेगळी काढणाऱ्या भागाची, पट्टी दोनशे पिकोमीटरच्या आसपास. सलग वर्णपटाचा दिवा लावला तर त्या पट्टीतला बहुतेक उजेड अणूंना न शिवताच डिटेक्टरवर जायचा आणि शोषण कुठल्या कुठे हरवायचं. म्हणून वॉल्श यांनी दिवाच अरुंद रेषेचा घेतला. पुढे डबल एशेल मोनोक्रोमेटर आणि पिक्सेलवाला सीसीडी डिटेक्टर आले, दोनशे नॅनोमीटरला एका पिक्सेलवर साधारण दीड पिकोमीटर इतकं बारीक कापता यायला लागलं, तेव्हा सलग दिवा परत आला. जर्मनीतल्या ॲनालिटिक येनाने २००४ साली काँट्रएए ३०० बाजारात आणलं, ते या जातीचं पहिलं व्यापारी मशीन. आत ३०० वॅटचा झेनॉन शॉर्ट-आर्क दिवा. म्हणजे सलग दिव्यावर स्लोप टिकतो तो त्या बारीक कापणीमुळे, दिव्याच्या प्रखरपणामुळे नव्हे.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

काहीही सुधारायच्या आधी कॅरॅक्टरिस्टिक कॉन्सन्ट्रेशन काढा. एक टक्का उजेड शोषला जातो तेव्हा ॲब्सॉर्बन्स, म्हणजे शोषणाचा आकडा, ०.००४४ असतो, आणि तेवढं शोषण देणारी संहती म्हणजे हा आकडा. तांब्याचं २ मिलिग्रॅम प्रति लिटर स्टँडर्ड (माहीत संहतीचं द्रावण) ३२४.७५४ नॅनोमीटरच्या रेषेला ०.२५ देत असेल, तर २ गुणिले ०.००४४ भागिले ०.२५, म्हणजे ०.०३५ मिलिग्रॅम प्रति लिटर. हवा-ॲसिटिलीन ज्वालेत तांब्याला ०.०३ ते ०.०४ येत असेल तर ज्वाला ठीक आहे. ०.०७ आला तर सॉफ्टवेअरमध्ये बोटं घालू नका, बर्नरकडे जा.

दुसरा आकडा डिटेक्शन लिमिट. ब्लँक (धातू न घातलेलं कोरं द्रावण) दहा वेळा वाचा, स्टँडर्ड डेव्हिएशन काढा, तिप्पट करा, स्लोपने भागा. या भागाकारात वर नॉईज आहे आणि खाली स्लोप. सेन्सिटिव्हिटी कमी पडते म्हणून जो कुणी माझ्याकडे येतो, त्याला मी पहिल्यांदा हेच विचारते: वरचा बिघडलाय की खालचा? निम्म्या लोकांचा दोघांपैकी कुठलाच बिघडलेला नसतो. ब्लँकच घाण असतो.

आणि गरज आहे का, तेही बघा. चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत उसाला जस्त कमी पडतं म्हणून शेतकरी माती आणून देतात. डीटीपीए या मातीतून धातू ओढून काढणाऱ्या रसायनाने काढायचं तर १० ग्रॅम मातीला २० मिलिलिटर द्रावण, दोन तास हलवायचं. मातीतल्या जस्ताची धोक्याची पातळी साधारण ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो धरतात, म्हणजे द्रावणात ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर. जस्ताची २१३.८५७ ही रेषा इतकी तिखट की कॅरॅक्टरिस्टिक कॉन्सन्ट्रेशन ०.०१ च्या आसपास येतं, आणि ०.३ ला ॲब्सॉर्बन्स ०.१३ पर्यंत सहज जातो. इथे सेन्सिटिव्हिटी वाढवायच्या मागे लागणं म्हणजे वेळ घालवणं. स्टँडर्ड मात्र त्याच डीटीपीए द्रावणात बनवा. नुसत्या पाण्यात बनवलेल्या स्टँडर्डवर ट्रायइथेनॉलअमीनवालं द्रावण वाचलंत तर नेब्युलायझरमधून, म्हणजे द्रावणाचा फवारा करणाऱ्या भागातून, जाणारा प्रवाहच वेगळा पडतो.

ज्वाला: स्लोप इथे तयार होतो

मशीनने चोखलेल्या द्रावणातलं नव्वद टक्क्यांहून जास्त ड्रेनमध्ये जातं. ज्वालेपर्यंत पोचतं ते पाच-दहा टक्के. त्यामुळे नेब्युलायझरमधली थोडीशी सुधारणाही आकड्यात लगेच दिसते.

दहा मिलिलिटरचा मेजरिंग सिलिंडर घ्या, द्रावण चोखणारी बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, त्यात सोडा आणि मोबाईलवर एक मिनिट लावा. पाच मिलिलिटरच्या आसपास उतरलं पाहिजे. तीन उतरलं तर कॅपिलरीत काहीतरी अडकलंय. खानापूरच्या लाल मातीचा बारीक गाळ साध्या फिल्टर कागदातून खाली येतो आणि कॅपिलरीच्या तोंडाशी तांबूस रिंगण धरतो. व्हॉटमन ४२ वापरा, आणि तरीही द्रावण तासभर ठेवून वरचंच घ्या. आठ-नऊ मिलिलिटर उतरलं तर खुश होऊ नका. जास्त पाणी ज्वालेत गेलं की ती थंड होते, थेंब मोठे राहतात आणि ॲब्सॉर्बन्स उलट पडतो. नेब्युलायझरसमोर जो काचेचा मणी असतो त्याची जागा फिरवून बघताना तांब्याचं स्टँडर्ड चालू ठेवा आणि आकडा स्क्रीनवर बघत राहा. एक जागा अशी सापडते की आकडा चढतो आणि तिथेच स्थिरावतो. काहींना आकडा सर्वांत वर जाईल ती जागा आवडते. मी त्याच्या किंचित अलीकडची घेते, कारण टोकाच्या जागी आकडा नाचतो.

बर्नरचं डोकं शंभर मिलिमीटरचं. उजेड त्या फटीच्या पूर्ण लांबीवरून गेला तरच पूर्ण शोषण मिळतं. ज्वाला विझवून, बर्नर थंड झाल्यावर पांढरं कार्ड फटीवर उभं धरा आणि उजेडाचा ठिपका फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्या. ठिपका फटीवरच राहिला पाहिजे. एका टोकाला सरकला तर बर्नर तिरका आहे. फट साफ करायला मी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद वापरते. स्टीलची पट्टी घालू नका, कडा खरवडली की ती परत येत नाही. ज्वाला पेटवल्यावर तिच्या खालच्या कडेला दात दिसले, म्हणजे मध्येच खाचा पडल्यासारख्या दिसल्या, तर तिथे अजून मीठ किंवा काजळी आहे.

उंची आणि गॅस प्रत्येक धातूला वेगळे. तांबं, जस्त फार नखरे करत नाहीत. निळी, हवा जास्त असलेली ज्वाला चालते. क्रोमियम ३५७.८६९ ला पिवळसर, ॲसिटिलीन जास्त असलेली ज्वाला लागते. प्लेटिंगवाल्यांच्या सांडपाण्यात क्रोमियम बघताना निळ्या ज्वालेवर वाचलंत तर स्लोप निम्म्याहून खाली येऊ शकतो. उंची एकेक मिलिमीटरने बदला आणि प्रत्येक ठिकाणी स्टँडर्ड आणि ब्लँक दोन्ही वाचा. नुसतं स्टँडर्ड वाचून ठरवलेली उंची पुष्कळदा ज्वालेचाच नॉईज जास्त असलेली निघते.

ॲसिटिलीनच्या सिलिंडरकडे आमच्याकडे कुणी बघत नाही. तो रिकामा होईपर्यंत ओढायचा नसतो. आत ॲसिटोन असतो आणि दाब सहा-सात बारच्या खाली गेला की तो गॅसबरोबर यायला लागतो. ज्वाला पिवळसर होते, बेसलाइन सरकते, आणि मुलं दिव्याला दोष देत बसतात. आमच्याकडे एकदा एका पुरवठादाराने सिलिंडर आडवा टाकून आणला आणि लगेच जोडायला निघाला. उभा करून पुरेसा वेळ ठेवल्याशिवाय जोडायचा नाही, हे त्याला माझ्याकडून ऐकावं लागलं. आउटलेटचा दाब एक बारच्या वर नेऊ नका, आणि ॲसिटिलीनच्या लाइनीत तांब्याची नळी कुणी बसवू लागला तर हात धरा. तांब्याचं ॲसिटिलाइड स्फोटक असतं.

पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, हवेच्या कॉम्प्रेसरचा पाण्याचा ट्रॅप रोज सकाळी सोडा. इकडच्या दमट हवेत तो दिवसाभरातही भरू शकतो, आणि ते पाणी लाइनीतून गेलं की ज्वाला फडफडते. मशीनमध्ये उजेडाच्या वाटेवर असलेल्या खिडक्यांच्या काचांवर दव धरलं तर अतिनील भागातला उजेड सगळ्यात आधी मरतो. जस्ताला नॉईज वाढलाय आणि तांब्याला नाही, असं दिसलं की पहिल्यांदा काचा पुसा.

पिक्सेल किती घ्यायचे

एचसीएलवाल्या माणसाला नवं वाटतं ते हे. सलग दिव्याच्या मशीनमध्ये रेषा एका पिक्सेलवर नसते, तीन-पाच पिक्सेलवर पसरलेली असते. मधला पिक्सेल एकटा घ्यायचा, की त्याच्या दोन्ही बाजूंचा एकेक, की दोन-दोन, हे तुम्हीच ठरवता.

समजा मधल्या पिक्सेलवर ०.१०० ॲब्सॉर्बन्स आहे, शेजारच्या दोघांवर ०.०७० आणि त्याच्या पुढच्या दोघांवर ०.०२५. प्रत्येक पिक्सेलचा नॉईज ०.००१. मधला एकटा घेतला तर सिग्नल-नॉईज गुणोत्तर १००. तीन घेतले तर बेरीज ०.२४०, पण नॉईज तिप्पट होत नाही, तो तीनच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे ०.००१७३. गुणोत्तर १३९. पाच घेतले तर बेरीज ०.२९०, नॉईज ०.००२२४, गुणोत्तर १३०. म्हणजे पाचला आकडा तीनपेक्षा मोठा दिसतो आणि मापन मात्र तीनपेक्षा वाईट असतं.

हे आकडे उदाहरणापुरते धरलेत, पण बहुतेक रेषांना उत्तर तीनच येतं. तरी तुमच्या रेषेवर एकदा करून बघा. ब्लँक दहा वेळा आणि कमी संहतीचं एक स्टँडर्ड एकदा नोंदवून ठेवा आणि तोच डेटा एक, तीन, पाच पिक्सेलवर परत काढा. नवं काही चालवावं लागत नाही, सॉफ्टवेअर नंतर मोजतं. आमच्याकडचा नवा मुलगा पहिल्या आठवड्यात पळत आला, "अक्का, पाच पिक्सेल घेतले तर सेन्सिटिव्हिटी वाढतीया की!" मी म्हटलं, "ब्लँकचा एसडी बघितलास काय?" त्याने बघितला आणि परत जाऊन तीन लावले.

याचा दुसरा अर्थ असा की कॅरॅक्टरिस्टिक कॉन्सन्ट्रेशन सांगताना किती पिक्सेल घेतले ते लिहायलाच हवं. ते न लिहिता "आमचं मशीन तुमच्याहून दुप्पट सेन्सिटिव्ह" म्हणणाऱ्या विक्री प्रतिनिधीला मी बसायला खुर्ची देते आणि हाच प्रश्न विचारते.

मधले पिक्सेल सोडून रेषेच्या उतारावरचे, कडेचे पिक्सेल घेतले तर सेन्सिटिव्हिटी मुद्दाम कमी करता येते. माती किंवा मिश्रधातूच्या नमुन्यात लोखंड भरमसाठ असतं तेव्हा पातळ करत बसण्यापेक्षा हे सोपं. लोखंडाच्या ३४४.०६१ आणि ३४४.०९९ या जवळजवळच्या रेषा डिटेक्टरला एकदम दिसणाऱ्या वर्णपटाच्या एकाच तुकड्यात येतात. त्या कमी संवेदनशील आहेत, पण दोघींची बेरीज घेऊन थोडा सिग्नल परत मिळवता येतो. अशी बेरीज करताना नॉईजचाही हिशोब वर केला तसाच करायचा.

रेषा निवडताना जुनी सवय मोडा

शिशाला २१७.००१ आणि २८३.३०६ अशा दोन रेषा. पहिली साधारण दुपटीहून जास्त संवेदनशील. तरी एचसीएलवर आपण सगळे २८३.३ घ्यायचो, कारण २१७ ला दिव्याचा उजेड कमी आणि नॉईज जास्त. झेनॉनवर ते कारण बरंचसं गळून पडतं. म्हणून मी शिसं आधी २१७ ला बघते. नमुन्यात फॉस्फेट किंवा नायट्रिक ॲसिड भरपूर असेल तर मात्र थांबा, कारण पीओ आणि एनओ या रेणूंच्या बारीक दातेरी रेषा त्याच भागात येतात. जस्ताच्या २१३.८५७ जवळही एनओ आहे. आपण मात्र डायजेशनला, म्हणजे नमुना ॲसिडमध्ये विरघळवायला, नायट्रिक ॲसिड हात सैल सोडून ओततो.

बॅकग्राउंडचा फायदा इथे मोठा. जुन्या मशीनमध्ये बॅकग्राउंड वजा करणाऱ्या ड्युटेरियम दिव्याला दातेरी बॅकग्राउंड दिसत नव्हतं, तो सरासरी काढून मोकळा व्हायचा. इथे रेषेच्या आजूबाजूचा सगळा तुकडा डोळ्यांपुढे असतो. तो उघडून बघा. आकडा वाचण्याआधी चित्र बघायचं, हा माझा एकमेव कडक नियम. बेसलाइनसाठी मशीन आपणहून पिक्सेल निवडतं, पण तिथे शेजारच्या धातूची रेषा असेल तर तो पिक्सेल तुम्ही काढून टाका, नाहीतर तुमचाच सिग्नल वजा होतो. बेसलाइनला पिक्सेल फारच कमी ठेवले तर तिचा स्वतःचा नॉईज सिग्नलमध्ये मिसळतो, हेही लक्षात असू द्या.

निपाणीच्या तंबाखूतलं कॅडमियम हे याचं चांगलं उदाहरण. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम पानात ओढून घेतं, म्हणून ते तपासून मागतात. कॅडमियमची २२८.८०२ आणि आर्सेनिकची २२८.८१२. मधलं अंतर दहा पिकोमीटर. जुन्या मशीनच्या पट्टीत दोन्ही एकत्र पडायच्या. इथे पिक्सेलमागे दीड-पावणेदोन पिकोमीटर धरले तर दोन्हींच्या मध्यांत साधारण सहा पिक्सेलचं अंतर पडतं. आर्सेनिक असलाच तर शेजारी वेगळा उभा दिसतो.

त्याच तंबाखूत फॉस्फरसही असतो. पीओच्या रेषा आड आल्या तर लीस्ट-स्क्वेअर्स दुरुस्ती वापरा. नुसतं अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटचं द्रावण त्याच प्रोग्रॅमवर चालवून पीओचा वर्णपट संदर्भ म्हणून साठवायचा, मग सॉफ्टवेअर नमुन्याच्या वर्णपटातून तो त्या प्रमाणात वजा करतं. फर्नेसमध्ये धातू लवकर उडू नये म्हणून घालायच्या रसायनाला मॉडिफायर म्हणतात; त्यासाठी फॉस्फेट वापरणाऱ्यांनी विचार करावा. आपणच पीओ ओतायचा आणि आपणच तो काढत बसायचा. मला पॅलेडियम-मॅग्नेशियम नायट्रेट बरं वाटतं.

फर्नेस कधी पेटवायचा

त्या विहिरीच्या पाण्याकडे येते. आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच चालतं, कॅडमियम ०.००३ पर्यंत. ज्वालेत शिशाचं कॅरॅक्टरिस्टिक कॉन्सन्ट्रेशन ०.१ च्या आसपास. म्हणजे मर्यादेवरच्या पाण्याला ॲब्सॉर्बन्स मिळणार ०.०००४. तो सिग्नल नाही, तो ज्वालेचा श्वास आहे. पिक्सेल बदला, उंची बदला, काही होणार नाही.

फर्नेसमध्ये, म्हणजे विजेवर तापणाऱ्या ग्रॅफाइट ट्यूबमध्ये, २० मायक्रोलिटर सोडले की त्याच पाण्यातून २०० पिकोग्रॅम शिसं आत जातं. कॅरॅक्टरिस्टिक मास (क्षेत्रफळ ०.००४४ सेकंद देणारं वस्तुमान) २० पिकोग्रॅम धरलं, तर पीकचं क्षेत्रफळ ०.०४४ सेकंद. वाचता येतं. कॅडमियमचे ६० पिकोग्रॅम जातात आणि त्याचं कॅरॅक्टरिस्टिक मास एक पिकोग्रॅमच्या आसपास, म्हणजे सिग्नल ०.२६. त्याला तर काळजीच नाही.

शिशासाठी असं करा. प्लॅटफॉर्मवाली ट्यूब. पॅलेडियम-मॅग्नेशियम मॉडिफायर. सुकवणं सावकाश, ९० पासून १३० अंशांपर्यंत. आरशात थेंब उकळून उडताना दिसला तर आणखी सावकाश. मग पायरॉलिसिस, म्हणजे नमुन्यातला बाकीचा माल जाळून घालवणं, ८०० अंशांपासून सुरू करून शंभर-शंभरने चढवा आणि जिथे क्षेत्रफळ पडायला लागतं त्याच्या एक पायरी आधी थांबा. तेच अणुकरणाच्या, म्हणजे धातूचे मोकळे अणू करण्याच्या, तापमानाचं: क्षेत्रफळ पूर्ण येईल ते सर्वांत कमी तापमान घ्या. उगाच जास्त तापवलं तर अणू ट्यूबमधून लवकर पळतात, ट्यूबही लवकर जाते. अणुकरणाच्या वेळी ट्यूबच्या आतून वाहणारा आर्गॉन बंद असलाच पाहिजे. तो चालू राहिला तर सिग्नल पार पडतो, आणि दुसऱ्याने बनवलेला प्रोग्रॅम वापरताना हे हमखास बघायचं राहतं. पीकची उंची नाही, क्षेत्रफळ मोजा.

आणखी हवं असेल तर २० मायक्रोलिटर सोडा, सुकवा, परत २० सोडा, परत सुकवा, मग एकदाच अणुकरण. वस्तुमान दुप्पट. पण ब्लँकमधलं शिसंही दुप्पट होतं. म्हणून ब्लँक स्वच्छ नसेल तर हा प्रकार करू नका. ऑटोसॅम्प्लरचे कप दहा टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, पावडरवाले हातमोजे जस्ताच्या कामाला टाळा, कारण त्या पावडरीतच जस्त असतं. उद्यमबागेत भट्ट्या चालतात तेव्हा खिडकी बंद. टेबलावर बोट फिरवलं की काळं लागतं, तीच धूळ कपात पडते.

तंबाखूच्या कॅडमियमला उलट सल्ला. अर्धा ग्रॅम पान डायजेस्ट करून ५० मिलिलिटर केलं आणि पानात किलोमागे समजा १ मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर द्रावणात १० मायक्रोग्रॅम प्रति लिटर आणि ट्यूबमध्ये २०० पिकोग्रॅम. सिग्नल ०.८८, म्हणजे वक्र वाकायला लागलेला. पाचपट पातळ करा. सिग्नल सरळ रेषेत येतो आणि पोटॅशियमचा धूरही पाचपट कमी होतो.

मधला मार्ग आणि दिव्याची निगा

फर्नेस नसलेल्या लॅबने फटीवाली क्वार्ट्झची नळी बर्नरवर बसवून बघावी. अणू तिच्यात थोडे जास्त वेळ रेंगाळतात. शिसं, कॅडमियम, जस्त अशा लवकर सुटणाऱ्या धातूंना दोन ते चारपट मिळतं. क्रोमियमला काही उपयोग नाही. तंबाखूच्या द्रावणाला ती लावू नका. पोटॅशियमने क्वार्ट्झ पांढरं पडून आंधळं होतं. पाण्यातल्या शिशासाठी एपीडीसी (शिशाला पकडणारं रसायन) आणि एमआयबीके (सॉल्व्हंट) यांचं निष्कर्षण हा जुना मार्ग अजूनही चांगला: शंभर मिलिलिटर पाण्यातलं शिसं दहा मिलिलिटर सॉल्व्हंटमध्ये येतं, शिवाय सॉल्व्हंट नेब्युलायझरमधून पाण्यापेक्षा चांगला फवारतो. वास मात्र डोक्यात जातो, हुडखालीच करा. आर्सेनिकला हे सगळं सोडून हायड्राइडची, म्हणजे आर्सेनिकचा वायू करून मोजणारी, जोडणी घ्या. १९३.७ ला ज्वाला स्वतःच उजेड खाते आणि झेनॉनही तिथे अशक्त असतो.

दिवा पेटवून निदान पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. आर्कचा तेजस्वी ठिपका मिलिमीटरच्या अंशाएवढा असतो आणि सुरुवातीला तो जागा बदलतो. लाईट जाऊन आली तर हीच वाट परत बघायची. नमुन्यांच्या मधोमध गेली असेल तर कॅलिब्रेशनही परत. जमत असेल तर यूपीएस घ्या. कुलिंगच्या पाण्यात शेवाळं धरू देऊ नका. आणि दर आठवड्याला २१३.८ ला ब्लँकचा नॉईज आणि उजेडाची पातळी वहीत लिहून ठेवा. ॲब्सॉर्बन्समधला शॉट नॉईज, म्हणजे उजेडाच्या कणांच्या चढउतारातून येणारा नॉईज, उजेडाच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात बदलतो: उजेड चौथ्या हिश्श्यावर आला की नॉईज दुप्पट. वहीतला उजेड हळूहळू उतरतोय आणि नॉईज त्याच हिशोबाने चढतोय, तर दिवा म्हातारा झालाय. उजेड तसाच आहे आणि नॉईज चढतोय, तर दिव्याला हात लावू नका, दोष ज्वालेत आहे.

बदलताना तोंडावर शिल्ड आणि हातात जाड मोजे घालूनच. दिवा थंड असतानाही आत गॅसचा मोठा दाब असतो. काचेला बोट लागलं तर लगेच अल्कोहोलने पुसा, नाहीतर तो ठसा तापल्यावर काचेत भाजून बसतो. जुना दिवा कचऱ्यात टाकायचा नाही; नव्याच्या खोक्यात, त्याच वेष्टनात घालून पुरवठादाराला परत द्या आणि पावती घ्या.